दुपारचा होकार

डॉ. नीलाक्षी होनप यांनी घरात आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला तो खोलीबद्दल.

“मे महिन्यात इथे किती तापतं?”

केतकीला नवल वाटलं. पुण्याहून कंपनीचं माणूस येणार आणि टोपी बदलून देणार, एवढंच तिला फोनवर कळलं होतं. “चंद्रपूर आहे हे,” ती म्हणाली. “बाहेर पन्नासच्या आसपास जातं. खोलीत कूलर आहे, पण दुपारी वीजबंदी असते. तेवढा वेळ ह्याची यंत्रं बॅटरीवर आणि आम्ही घामात.”

“तेव्हाही टोपी डोक्यावरच असते?”

“अंग पुसतानाच काढतो आम्ही ती. का हो?”

डॉ. होनप यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्या पलंगाजवळ गेल्या. केतकीचा नवरा हेमंत उताणा पडलेला होता. डोळे अर्धवट उघडे, आणि गळ्यातल्या नळीतून व्हेंटिलेटर त्याच्या छातीत श्वास भरत होता. डोक्यावर राखाडी रंगाची, पोहताना घालतात तसली टोपी. “नमस्कार, हेमंतराव,” असं त्याला म्हणून त्या केतकीकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “आपण बाहेर बसू या का?”

“त्याला ऐकू येईल म्हणून?”

“हो.”

“दीड वर्ष झालं, एक शब्द बोललेला नाही तो. डॉक्टर म्हणतात, आता आत कुणी असेलच असं नाही.”

“ते आत असावेत असं मला वाटतं,” डॉ. होनप म्हणाल्या. “म्हणूनच बाहेर बसू.”

हेमंत मुनघाटे वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला होता, पण जिल्हा त्याला ओळखायचा तो आवाजावरून. हिवाळ्यात गावोगाव कबड्डीचे सामने भरत आणि माइक हेमंतच्या हातात असे. जोडीला मोरेश्वर गेडाम. मोरेश्वरने चढाईचं वर्णन करावं आणि पकड झाली की हेमंतने माइक ओढून घ्यावा, हे ठरलेलं. चिमूरपासून राजुऱ्यापर्यंत पोरं त्या दोघांची नक्कल करायची.

मग एका सामन्यात हेमंतच्या हातातून माइक निसटला. पुढच्या महिन्यात पुन्हा. नागपूरच्या डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. हात गेले, पाय गेले, गिळणं जड झालं, आणि शेवटी ज्या आवाजासाठी त्याला बोलावत तो आवाज घशात विरघळला. डोळेही हलेनासे झाले तेव्हा ‘अनुनाद’ नावाच्या कंपनीची टोपी घरात आली. वीजकेंद्रातल्या मित्रांनी त्यासाठी खटपट केली होती.

टोपीला दोनच शब्द येत. हो आणि नाही. उजव्या हाताने पकडायचा विचार केला की हो, डाव्या हाताने पकडायचा विचार केला की नाही. स्पीकरमधून येणारे ते दोन शब्द हेमंतच्याच आवाजातले होते, जुन्या समालोचनातून उचललेले. ‘नाही’ सरळ होतं. ‘हो’ मात्र कुठल्याशा अंतिम सामन्यातला, पकड जमल्यावरचा होता. छातीभरून आलेला, मैदानभर पसरणारा. पहिल्यांदा तो खोलीत घुमला तेव्हा केतकी आणि जुई, मायलेकी दोघी गळ्यात पडून रडल्या होत्या.

व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून डॉ. होनप यांनी टोपीत काय असतं ते सांगायला सुरुवात केली. केतकी शाळेत विज्ञान शिकवायची; हेमंतसाठी तिने नोकरी सोडली होती. तिला समजायला वेळ लागला नाही.

विचारासरशी मेंदूत वीज सळसळते आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कवटीबाहेर ते इतकं क्षीण असतं की साधी होकायंत्राची सुई त्याने कणभरही हलत नाही. पूर्वी ते मोजायला गोठवलेली यंत्रं आणि जाड धातूच्या भिंतींची खोली लागे. डॉ. होनप यांच्या गटाने ते काम चुंबकीय पदार्थाच्या अतिपातळ थरांवर आणून ठेवलं. काही अणूंच्या जाडीचा एक थर हट्टी. बाहेरून काहीही आलं तरी तो दिशा सोडत नाही. त्याला चिकटलेला दुसरा थर वळणारा. दोघं जिथे भेटतात तिथले अणू एकमेकांशी बांधले जातात आणि हट्टी थर आपल्या शेजाऱ्याला कायम एका बाजूला झुकवून ठेवतो. शास्त्रात त्याला एक्स्चेंज बायस म्हणतात. डॉ. होनप नुसतं ‘कल’ म्हणाल्या. हा कल आहे म्हणून टोपीला उजवं-डावं कळतं. तो नसता तर मेंदूत काहीतरी हललं एवढंच तिला कळलं असतं.

“वळणाऱ्या थरात दोन जातींचे अणू आहेत,” त्या म्हणाल्या. “गॅडोलिनियम आणि कोबाल्ट. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. अशा पदार्थाला फेरिमॅग्नेट म्हणतात. दोघं एकमेकांचं बळ बरंचसं खोडून काढतात, त्यामुळे पंख्याची मोटर, मोबाइल, रस्त्यावरच्या तारा, कशानेच तो थर बिचकत नाही. म्हणून तर ही टोपी घरात चालते. पण उष्णता दोघांना सारखी सोसत नाही. थंडीत गॅडोलिनियम वरचढ असतं. तापत गेलं की ते भराभर ढिलं पडतं. एका तापमानाला दोघं बरोबरीत येतात आणि त्याच्या पुढे कोबाल्ट वरचढ होतं.”

“आणि मग?”

“मग कल बाजू बदलतो. डावीकडचा उजवीकडे जातो.”

केतकीने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“आम्हाला हे माहीत होतं,” डॉ. होनप म्हणाल्या. “म्हणून मिश्रण असं घेतलं की ते तापमान ऐंशी अंशांवर जावं. माणसाच्या डोक्यावर ऐंशी अंश कुठून येणार? पण गॅडोलिनियम फार लवकर गंजतं. घामाचा ओलावा थरांच्या कडेने आत शिरला. शेकड्यातला एक भाग कमी झाला तरी ते तापमान चाळीस अंशांनी खाली येतं. मागच्या महिन्यात दुरुस्तीला आलेली एक टोपी मी गरम करून पाहिली, तर सगळी चिन्हं उलटी यायला लागली.”

“उलटी म्हणजे सरळ सांगा ना.”

“माणूस मनात नाही म्हणतो आणि टोपी हो म्हणते.”

व्हरांड्यातल्या तारेवर हेमंतच्या चादरी वाळत होत्या. केतकी उठली, एक चादर काढली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“पण रोज सकाळी जुळवणी करायचो आम्ही,” ती म्हणाली. “तुझं नाव हेमंत का, तू चंद्रपूरला राहतोस का. बरोबर उत्तरं द्यायचा तो.”

“सकाळी टोपी थंड असते, केतकीताई. सकाळी ती खरं बोलते.”

दीड वर्षापूर्वीचा तो उन्हाळा केतकीला आठवायला लागला. एप्रिलपासून हेमंत चिडखोर झाला होता. निदान त्यांना तसं वाटलं होतं. आमरसाचा थेंब जिभेवर लावू का विचारलं, तर नाही. जन्मभर आमरसावर तुटून पडणारा माणूस. टीव्ही मोठा करू का, तर हो, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. रोज दुपारी मोरेश्वर यायचा, उशाशी बसून सामन्यांच्या गोष्टी सांगायचा. एकदा त्याने सहज विचारलं, “बसू ना रे थोडा वेळ?” तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी केतकीनेच त्याला फाटकाशी गाठून सांगितलं होतं, “मोरेश्वरभाऊ, राग मानू नका, पण त्याला तुम्ही आलेलं नको असतं.” मोरेश्वर मान हलवून गेला तो परत आला नव्हता.

आणि मग ती दुपार.

हेमंतचा श्वास सकाळपासून उथळ झाला होता. डॉक्टर सरपटवार घरी आले. त्यांनी समजावून सांगितलं, गळ्याला छेद देऊन नळी घातली तर व्हेंटिलेटरवर कितीही वर्षं जातील, पण आजार थांबणार नाही; नाही घातली तर हा एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, झोपेचं औषध देऊन त्रास होऊ न देणं एवढं करता येईल. आधी कितीदा तरी हा विषय निघाला होता आणि दर वेळी केतकीनेच तो टाळला होता. आता टाळता येणार नव्हता. वीज नव्हती. टेबलावरची मेणबत्ती न पेटवताच मधोमध वाकली होती. डॉक्टरांनी हेमंतला स्पष्ट शब्दांत विचारलं, नळी घालायची का?

“हो,” स्पीकर गर्जला.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच, मैदान जिंकल्यासारखा होकार. तिसऱ्यांदाही तोच. जुई तेव्हा अठरा वर्षांची होती. ती आनंदाने ओरडली, “बाबांना जगायचंय!” आणि रुग्णवाहिका बोलवायला धावली.

नळी घातल्यावर काही दिवस त्याने सकाळची उत्तरं दिली. पावसाळा लागला आणि तो गप्प झाला. आजार आत सरकला, डॉक्टर म्हणाले. तुला पश्चात्ताप होतो का, असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायची छाती कुणाची होणार?

“त्या दिवशी टोपी किती तापली होती?” केतकीने विचारलं. “कळेल का?”

“नाही. टोपी स्वतःचं तापमान मोजत नाही. हे आम्हाला सुचायला हवं होतं.” डॉ. होनप यांनी आत, खोलीकडे पाहिलं. “खोली चव्वेचाळीसच्या वर गेली असेल तर बहुतेक…”

“आमच्याकडे मेणबत्ती वाकली होती.”

डॉ. होनप यांनी मग सांगितलं की कंपनी सगळ्या टोप्या ‘सुधारित’ म्हणून गुपचूप बदलून देणार आहे, कारण सांगायचं नाही असं वर ठरलं आहे. त्या स्वतःहून आल्या होत्या. “जिथे माणूस अजून आहे तिथे जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. पण काही घरांत उन्हाळ्यात ‘नाही’ असं उत्तर आलं आणि नळी घातलीच नाही. त्या लोकांना वाटतं, आपण माणसाची इच्छा राखली. त्यांना सांगावं का, मला कळत नाही.”

“आणि मला सांगावं हे बरं कळलं तुम्हाला!” केतकी एकदम म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तोंडावर हात धरला. आतमध्ये व्हेंटिलेटर एका लयीत चालला होता.

जुई संध्याकाळी कामावरून आली. नागपूरचं कॉलेज सोडून ती चंद्रपुरात एका दवाखान्यात नोंदणीचं काम करत होती. बाबांजवळ राहायचं म्हणून. केतकीने तिला सगळं सांगितलं. जुईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, “नको.”

“काय नको?”

“नवी टोपी घाल हवी तर. पण ते विचारू नकोस.”

“जुई, तो नाही म्हणाला असेल आणि आपण…”

“असेल! असेल म्हणतेस ना? म्हणजे नसेलही. मी रात्री झोपते ना आई, तर त्याच्यावर झोपते. बाबा हो म्हणाले. तीन वेळा म्हणाले. तू विचारलंस की त्याचं उत्तर ह्या घरात राहील. कायमचं. ते मग कुठे ठेवायचं आपण?”

“आणि तो? तो ते दीड वर्ष कुठे ठेवून पडलाय?”

जुई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. होनप यांनी नवी टोपी चढवली. हिच्यातले थर चहूबाजूंनी बंद केलेले होते आणि कानाजवळ तापमानाचा छोटा आकडा दिसत होता. एकतीस. त्यांनी जुळवणीचे प्रश्न विचारले. तुमचं नाव हेमंत का? शांतता. तुम्ही चंद्रपूरला राहता का? शांतता. त्यांनी पडद्यावर बोट सरकवून काहीतरी तपासलं, पुन्हा विचारलं. काही नाही.

“थांबा जरा,” केतकी म्हणाली.

ती पलंगाच्या कडेवर बसली. त्याचा हात हातात घेतला; तो हात नेहमीसारखाच ऊबदार आणि निर्जीव होता.

“हेमंत, ऐक. ती टोपी खोटं बोलत होती. तापली की उलटं बोलायची. तू नाही म्हणायचास आणि आम्हाला हो ऐकू यायचं. आम्हाला माहीत नव्हतं रे. मोरेश्वरभाऊंना मीच येऊ नका म्हणून सांगितलं, तू नाही म्हणालास असं समजून. आणि नळीचं…” तिला पुढे बोलवेना. “ते उलटं तुलाही ऐकू येत असेल, आणि आम्ही तुझं ऐकत नाही असं तुला वाटलं असेल. आम्हाला ऐकूच आलं नाही. आता कळलंय. ही टोपी नवी आहे.”

व्हेंटिलेटरने दोन-तीन श्वास भरले.

“हो,” स्पीकर गर्जला.

दारात उभी असलेली जुई दचकली. कुणी काहीच विचारलेलं नव्हतं. आणि स्पीकर पुन्हा म्हणाला, हो. पुन्हा, हो. मध्ये श्वासाएवढी जागा सोडून तो ‘हो’ येत राहिला, एखादा माणूस बंद दारावर आतून थापा मारतो तसा. केतकीने कपाळ त्याच्या छातीवर टेकलं. डॉ. होनप खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्याच दुपारी केतकी मोरेश्वरकडे गेली. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो अंगणातल्या बाजेवर बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

“मले वाटलं, मी आता एकटाच माइक धरतो म्हणून त्याले वाईट वाटत असन,” तो म्हणाला. “बरोबरच आहे, म्हटलं. कायले जाऊन त्याच्या जखमेवर बसाचं?”

“चुकलं माझं, भाऊ.”

“तुमचं कायचं चुकलं, वयनी? चला.” तो चप्पल शोधायला लागला.

खोलीत आल्यावर मोरेश्वरने विचारलं, “बसू ना रे?” आणि ‘हो’ ऐकून त्याने डोळे पुसले. मग खुर्ची ओढली आणि कालच्याच वरोऱ्याच्या सामन्याची चढाई सांगायला सुरुवात केली, मैदानात सांगायचा तशी, चढत्या आवाजात. पकडीपाशी आला की तो थांबायचा. ती जागा हेमंतची होती. आणि पहिल्याच वेळी, नेमक्या त्या जागी, स्पीकरमधून आला, “हो!”

मोरेश्वर हसला आणि रडला. जुईसुद्धा हसली. त्या घरात किती दिवसांनी कुणी मोठ्याने हसलं होतं.

पुढचा आठवडा केतकीने लहान-लहान प्रश्नांत घालवला. कूस बदलू का? रेडिओ लावू का? चेहऱ्याला थंड पाणी लावू का? तो उत्तरं द्यायचा. मग एकदा त्याने उत्तरं देणं बंद केलं. सकाळीही गप्प, दुपारीही गप्प. केतकी घाबरली, डॉ. होनप यांना फोन केला. पुण्यात बसून त्यांनी टोपीच्या नोंदी पाहिल्या आणि सांगितलं की टोपी नीट आहे, मेंदूही जागा आहे.

जुई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती बराच वेळ बाबांकडे बघत होती.

“ते थांबलेत, आई,” ती म्हणाली. “ज्याचं उत्तर त्यांना द्यायचंय ते आपण विचारतच नाही आहोत.”

केतकीने मान वर केली.

“विचार,” जुई म्हणाली. “मी आहे इथेच.”

केतकीने आकडा पाहिला. तेहतीस. तिने त्याचं नाव घेतलं आणि विचारलं, “त्या दिवशी, डॉक्टरांनी नळीचं विचारलं तेव्हा तू हो म्हणाला होतास?”

“नाही.”

लगेच आलं ते उत्तर. तिला वाटलं होतं तिला धक्का बसेल. पण मेणबत्ती आठवली तेव्हाच तो बसून गेला होता.

“आता… हे सगळं थांबवावं असं वाटतं तुला?”

“हो!”

तोच तो, छातीभरून आलेला, मैदानभरचा. जुईने कानांवर हात दाबले. “ह्या आवाजात नको ना,” ती रडत म्हणाली. “बाबा, हा आवाज बदलू का? साधा लावू?”

“नाही,” हेमंत म्हणाला.

कायद्याने ते एका उत्तरावर होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांची दोन मंडळं बसली, एक रुग्णालयाचं, एक बाहेरचं. हेमंतला रुग्णालयात हलवलं. अनोळखी डॉक्टर येत, वातानुकूलित खोलीत टोपीचा आकडा बघत आणि तोच प्रश्न फिरवून-फिरवून विचारत. कधी असा की त्याचं उत्तर ‘हो’ यावं, कधी असा की ‘नाही’ यावं. हेमंत एकदाही चुकला नाही. एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, “घरच्यांना त्रास होतो म्हणून म्हणताय का?” तो नाही म्हणाला. “स्वतःसाठी?” तो हो म्हणाला. ती बाई खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मधल्या काळात डॉ. होनप यांनी कंपनी सोडली आणि सगळं उघड सांगितलं. वर्तमानपत्रांत आलं, टीव्हीवर आलं. टोप्या परत मागवल्या गेल्या. लोक केतकीला फोन करायला लागले. अकोल्याहून एका बाईचा आला. तिच्या वडिलांनी मे महिन्यातल्या दुपारी ‘नाही’ म्हटलं होतं. तिने नळी घालू दिली नव्हती, उशाशी बसून अखेरपर्यंत त्यांचा हात धरला होता. “बातमी वाचली नसती तर बरं झालं असतं हो,” ती म्हणाली. “तुम्हाला तरी विचारता आलं. मी कुणाला विचारू?”

केतकीने फोन ठेवला नाही. दोघी बराच वेळ तशाच राहिल्या, एकमेकींचा श्वास ऐकत.

व्हेंटिलेटर काढायला मंडळांची परवानगी मार्चच्या शेवटी मिळाली. होळी होऊन गेली होती, रस्त्यावर ऊन तापायला लागलं होतं. ठरल्या दिवशी सकाळी मोरेश्वर आला. त्याने हेमंतच्या कपाळावर हात ठेवला आणि एक शब्दही न बोलता बाहेर जाऊन बसला. जुईने बाबांच्या कानाशी ओठ नेले. ती काय म्हणाली ते कुणाला कळलं नाही. स्पीकर दोनदा हो म्हणाला आणि एकदा नाही म्हणाला, आणि त्या ‘नाही’वर ती हसली. डोळे पुसत बाहेर गेली.

डॉ. सरपटवारांनी झोपेचं औषध भरून ठेवलं होतं. “तुम्ही सांगाल तेव्हा,” ते केतकीला म्हणाले आणि दाराशी जाऊन थांबले.

केतकी एकटी राहिली. इतक्या दिवसांत तिने त्याला खूप काही विचारलं होतं, बहुतेक सगळ्यांसमोर. एक प्रश्न तिने ठेवून दिला होता. त्याचं उत्तर ‘नाही’ यावं अशी तिची फार इच्छा होती, आणि म्हणूनच तो विचारायला ती भीत होती.

“हेमंत, माझ्यावर रागावलायस?”

व्हेंटिलेटरचा एक श्वास गेला. दुसरा गेला.

“हो,” तो म्हणाला.

तिने खाली बघितलं. रडू आलं, पण ते वेगळं होतं. दोन उन्हाळे तो काय म्हणतो ते तिला माहीतच नव्हतं. आता तिच्यासमोर तिचा नवरा होता, तिच्यावर रागावलेला, आणि ते तिला सांगू शकणारा. तिने कुठलीही सबब सांगितली नाही. टोपीचं, उन्हाचं, मेणबत्तीचं काही काढलं नाही.

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “तरी इथे बसू? शेवटपर्यंत?”

ह्या वेळी उशीर लागला. इतका, की दाराशी उभ्या डॉक्टरांनी आत वळून पाहिलं. केतकीने प्रश्न पुन्हा विचारला नाही. ती उभीच राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

“हो,” हेमंत म्हणाला.

तिने खुर्ची पलंगाला भिडवली, बसली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग डॉक्टरांकडे बघून तिने मान हलवली.